ताडीची पारख आणि फ्रान्सची वाईन



आमच्या गटातली एक ताई बोईसरला एका साहेबांकडे स्वयंपाकाला जाते. एकदा तिथे फ्रान्सची लाल वाईन उघडली. पाहुणे पेला तिरपा धरून रंग बघत होते, वास घेत होते, मग इवलासा घोट जिभेवर घोळवत होते. बैठकीत ताई म्हणाली, "आमचा आजा ताडीचं असंच करायचा. वासावरून झाड ओळखायचा. पण त्याला कुणी जाणकार नाही म्हटलं, बेवडा म्हटलं!"

आम्ही हसलो खऱ्या, पण बोलणं मनात राहिलं. आमच्यातल्या कितीजणींनी दारूपायी मार खाल्लाय, त्यामुळे प्या असं आम्ही कुणाला सांगणार नाही. पण एकाच्या घोटाला मान आणि दुसऱ्याच्या घोटावर पोलीस, हे कसं झालं ते तरी कळायला हवं.

फ्रान्समध्ये बोर्दो नावाचा मुलूख आहे. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या लाल वाईनच्या मळ्यांची पाच पायऱ्यांत प्रतवारी लावली, ती आजही जवळपास तशीच आहे. पहिल्या पायरीवरचा मार्गो हा मळा 1980 पासून कोरिन मेंत्झेलोपुलॉस या बाईंनी सांभाळला, वडील अचानक गेल्यावर. तिथे द्राक्षाचा रस आंबवून ओकच्या लाकडी पिंपात मुरवतात, मग बाटलीत वर्षानुवर्षं ठेवतात. चाखणारा विचारतो, कुठल्या मळ्याची, कुठल्या सालची? आणि बरेचदा चाखून थुंकूनही टाकतो, बरं का. चाखणं वेगळं, पिणं वेगळं.

ताडीला असं थांबता येत नाही. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, मडक्याला आतून चुना लावला तर नीरा म्हणून टिकतो. एरवी ऊन चढलं की आंबायला लागतो; दुपारची ताडी आंबूस आणि कडक, दुसऱ्या दिवशी तर शिरका. ताडाची चव वेगळी, शिंदीची वेगळी. म्हणजे पारख आपल्याकडेही होती, पण ती गावाच्या वेशीबाहेर जाऊ शकली नाही. बाटलीत भरून, नाव लावून विकायला माल टिकावा लागतो.

दुसरं कारण सरकारचं. 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला आणि छेदायच्या प्रत्येक झाडावर कर बसला, परवाना लागला. दारूचे मक्ते मोठ्या ठेकेदारांकडे गेले. उरणच्या भट्ट्यांची दारू मुंबईला जायची. भट्टीची दारू मोजता येते, तिच्यावर कर बसवणं सोपं. झाडाझाडाची ताडी कोण मोजणार? 1892 मध्ये तर आपल्या ठाणे जिल्ह्यात (पालघर तेव्हा त्यातच होतं) मोहाच्या फुलांवरच कायद्याने बंधनं आली. जी फुलं बाया पहाटे टोपल्या घेऊन वेचायच्या, भुकेच्या दिवसांत खायच्या, तीच घरात सापडणं गुन्हा होऊन बसला. घरची दारू चोरटी ठरली आणि दुकानातली विकत घ्यायची, तीही उधारीवर. उधारीमागून सावकार आला, सावकारामागून जमीन गेली.

आता आमच्या किनाऱ्याची गोष्ट ऐका, शाळेच्या पुस्तकात आम्हाला ती कधी भेटली नाही. 1922 च्या सुरुवातीला पालघरच्या मांगेला कोळ्यांत देवीची साथ आली. काही बायांच्या अंगात देवी येऊ लागली आणि ती सांगू लागली, मासे सोडा, दारू-ताडी सोडा. किनाऱ्यावरून ही हाक डहाणू, उंबरगावच्या आदिवासी पाड्यांत गेली आणि वर्ष संपायच्या आत सुरत जिल्ह्यात पोचली. तिथे हजारोंनी माणसं जमायची. दारूची दुकानं ओस पडली, विकणारे हवालदिल झाले. पुढे बऱ्याच जणांनी पुन्हा प्यायला सुरुवात केली, हेही खरं. पण पेला खाली ठेवला की सावकाराचा हात सुटतो, हे त्या बायांच्या तोंडून लोकांनी ऐकलं होतं. आम्हाला तर तो पहिला बचत गटच वाटतो, वहीशिवायचा.

फ्रान्सवाल्यांकडून एक गोष्ट मात्र आपण घेतली. गावाचं नाव ही त्या गावाची मालमत्ता, ही त्यांची जुनी रीत. 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच वाटेनं. बोर्डीत चिकूची वाईनही होते.

ताईला आम्ही विचारलं, साहेबांची वाईन कशी लागली? म्हणाली, "मी कुठे प्यायले? नुसता वास घेतला. जांभळाचा वाटला, मागून ओल्या लाकडाचा." आज्याची नात आहे ती.