शेवटच्या पाळीची तारीख

१९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. लंडनच्या गाईज हॉस्पिटलात १९७५ ते १९८५ या काळात स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेतलेल्या, पाळी सुरू असलेल्या २४९ बायकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. शेवटची पाळी आल्यापासून ३ ते १२ दिवसांत ऑपरेशन झालेल्यांत १० वर्षं जगण्याचं प्रमाण ५४ टक्के निघालं, बाकीच्यांत ८४.

मला भारी वाटतो तो यामागचा रकाना. केसपेपरवर कुणीतरी तारीख लिहिली होती, म्हणून दिवस मोजता आले. ‘पाळी नियमित’ एवढीच टिक असती तर?

इतरांच्या जुन्या नोंदींत हा फरक दर वेळी दिसला नाही. मग बडव्यांनी मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये १००० बायकांची चाचणी घेतली. ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन कुणाला द्यायचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं, डॉक्टरच्या मर्जीने नाही. २०११ चा निकाल: सरसकट फरक नाही, पण काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोचलेल्यांना फायदा दिसला. वाद मिटला असं मी म्हणणार नाही.

इथे नागपुरात सर्जरीची पीजी पोरं थिसिसचे प्रोफॉर्मा मला दाखवायला आणतात. वयाच्या जागी ‘३० ते ४०’ असे गट दिसले की मी खोडतो. वय आकड्यात लिहा, गट नंतर पाडता येतात. गटांतून वय परत काढता येत नाही. आणि तारखेच्या रकान्याशेजारी ‘आठवत नाही’ असा वेगळा चौकोन ठेवा. रकाना नुसता रिकामा असेल, तर बाईला आठवलं नाही की तिला कुणी विचारलंच नाही, हे पाच वर्षांनी कोण सांगणार?