डिजिटल आरोग्यसेवेतील ग्रंथपालांची भूमिका

वैद्यकीय माहिती शोधणे, तिची पारख करणे आणि ती रुग्ण, नातेवाईक व वैद्यकीय कर्मचारी यांना समजेल अशा रूपात उपलब्ध करून देणे, हे आरोग्यमाहितीसेवेचे मुख्य काम होय. आरोग्यसेवेचा मोठा भाग मोबाइल व संगणकावर आल्यापासून ऑनलाइन नोंदणी, दूरस्थ सल्ला आणि आरोग्यनोंदी यांविषयीचे मार्गदर्शनही या कामात समाविष्ट झाले आहे. ग्रंथपाल निदान करीत नाही, औषधही सुचवीत नाही. तो विश्वसनीय माहितीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग दाखवतो.

पूर्वपीठिका

डॉक्टरांच्या रुग्णफेरीत ग्रंथपालाने सहभागी व्हावे, ही कल्पना अमेरिकेत गर्ट्रूड लॅम्ब यांनी १९७१च्या सुमारास मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत अमलात आणली. वैद्यकीय लेखांची 'पबमेड' ही सूची १९९७ मध्ये सर्वांना विनामूल्य खुली झाली, तर १९९८ मध्ये सामान्य वाचकांसाठी 'मेडलाइनप्लस' सुरू झाले. ही दोन्ही साधने अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची, म्हणजे एका ग्रंथालयाचीच निर्मिती आहेत, याचा अनेकदा विसर पडतो.

महाराष्ट्रातील प्रयत्न

डॉ. अनिरुद्ध मालपाणी व डॉ. अंजली मालपाणी यांनी १९९७ मध्ये मुंबईत 'हेल्प' हे रुग्णांसाठीचे विनामूल्य ग्रंथालय स्थापन केले. योग्य वेळी मिळालेली योग्य माहिती हा उपचाराचाच भाग आहे, ही त्यामागील भूमिका. वैद्यकीय महाविद्यालयांची ग्रंथालये मुख्यतः विद्यार्थी व अध्यापकांसाठी असल्यामुळे सर्वसामान्य रुग्णासाठी असा उपक्रम विशेष महत्त्वाचा ठरतो. मात्र मुंबईतील अशा ग्रंथालयाचा ग्रामीण रुग्णाला प्रत्यक्ष उपयोग थोडाच.

तालुका पातळीवरील गरज

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा हे याचे बोलके उदाहरण आहे. करमाळ्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. एखादे कागदपत्र राहिले, तर रुग्णाला पुन्हा एवढा प्रवास करावा लागतो आणि नातेवाइकाची त्या दिवसाची मजुरीही बुडते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. योजनेत कोणते उपचार बसतात, कोणती रुग्णालये अंगीकृत आहेत आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे निघण्यापूर्वीच पडताळून देणे ही ग्रंथालयाची संदर्भसेवाच होय.

ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवा एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. तिच्याद्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. आधारद्वारे तो काढताना ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो; तो मोबाइल पुण्याला गेलेल्या मुलाकडे असला की काम अडते. अशा वेळी पर्याय समजावून सांगणारा माणूस गावातच असणे महत्त्वाचे ठरते. लसीकरणासाठीच्या कोविन प्रणालीमुळे निर्माण झालेल्या डिजिटल दरीकडे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२१ मध्ये लक्ष वेधले होते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात व शासकीय अनुदानावर चालतात. अनुदान तुटपुंजे आणि सेवकवर्ग अपुरा असताना हे नवे काम केवळ ग्रंथपालाच्या सद्भावनेवर सोपवणे योग्य नाही. त्यासाठी प्रशिक्षण व मानधन या दोहोंची गरज आहे.

गोपनीयता

लहान गावात कोणी कोणत्या आजाराचे पुस्तक मागितले, ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. म्हणून वाचकाचा प्रश्न इतरांसमोर मोठ्याने न विचारणे, ओटीपी वाचकाने स्वतःच टाकणे, सार्वजनिक संगणकावरील खाते काम संपताच बंद करणे आणि अहवालाची प्रत तेथे न ठेवणे हे संकेत पाळावे लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून व्यक्तीची संमती हा त्याचा प्रमुख आधार आहे.