पातूरचे खांब आणि दातांचा पूल

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर लागते. गावाजवळच्या टेकडीत प्राचीन कोरीव लेणी आहेत. ओसरीचे खांब आणि त्यांवरचा आडवा पाषाण पाहिला, की आम्हाला दंतवैद्यांचा ‘ब्रिज’ आठवतो. दोन्हीकडे आधार, मध्ये पोकळी आणि वर भार! फरक असा, की लेण्यातले सारे एकाच खडकात कोरलेले आहे. तोंडातला पूल मात्र दोन जिवंत दातांवर बसवावा लागतो.

ही कल्पना जुनी आहे. इटलीतील एट्रुस्कन कारागीर इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारासच सोन्याच्या पट्टीत पर्यायी दात अडकवून ती पट्टी शेजारच्या दातांभोवती गुंडाळत. पण आधाराला भार किती झेपेल? १९२६ साली अँटे यांनी याचे उत्तर दिले : हाडात रुतलेल्या आधारदातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतके तरी हवे.

दुसरा नियम वर्गात करून पाहता येईल. प्लॅस्टिकची पातळ पट्टी दोन पुस्तकांवर ठेवा आणि मधोमध वजन टांगा. पुस्तकांतील अंतर दुप्पट केले, की पट्टी सुमारे आठपट वाकते. कारण वाक अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. याच हिशेबाने एका दाताऐवजी तीन दातांची पोकळी ओलांडणारा तितक्याच जाडीचा पूल सत्तावीसपट वाकेल. उलट, जाडी दुप्पट केली तर वाक एक-अष्टमांश होतो. म्हणून लांब पूल जाड करतात.

अँटे यांचा नियम मात्र पुढे सैल झाला. हिरड्या निरोगी राखल्या, तर कमी आधारावरही पूल टिकतात, असे निमन आणि एरिक्सन यांनी १९८२ साली दाखवले.

खरी किंमत वेगळीच आहे. टोपी बसवण्यासाठी शेजारचे धडधाकट दात तासावे लागतात, आणि गेलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. एकासाठी दोघांचा बळी! ब्युनोकोर यांनी १९५५ साली आम्लाने दंतवल्क खरखरीत करून त्याला राळ चिकटवण्याची युक्ती दाखवली. तिच्या आधारे रोशेट यांनी १९७३ साली सच्छिद्र धातूची पातळ पट्टी दातांच्या मागे चिकटवली. याच वाटेने पुढे असे पूल आले, ज्यांत शेजारचा दात अगदी थोडा तासावा लागतो. ते कधी सुटतात. पण आधार बहुधा शाबूत राहतो.

पूल बांधणाऱ्याने आधी खांबांची काळजी घ्यावी, हेच या इतिहासाचे सार.