केटी घेतली आणि माणसं सोडली: फ्रीडम हाऊस अँब्युलन्सची गोष्ट

आपल्याकडे १०८ लावला की गाडी येते आणि गाडीत डॉक्टर असतो. महाराष्ट्रात ९३७ गाड्यांची ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. त्यामुळे अँब्युलन्समध्ये उपचार मिळणार, हे आपण आता गृहीतच धरतो. आजची गोष्ट आहे अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराची, आणि ती सुरू होते तेव्हा तिथे असं काही गृहीत धरायची सोय नव्हती.

१९६६ साली अमेरिकेत एक राष्ट्रीय पातळीवरचा अहवाल गाजला. त्यानुसार देशातल्या जवळपास निम्म्या अँब्युलन्स अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्या चालवत होत्या. कारण काय? तर त्यांच्या गाडीत माणूस आडवा मावतो! पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांकडे होतं. दोन पोलीस यायचे, पेशंटला मागे टाकायचे, दोघंही पुढे बसायचे आणि गाडी सुसाट. मागे श्वास चालू आहे की थांबलाय, बघायला कुणी नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेव्हिड लॉरेन्स एका सभेत भाषण करताना कोसळले. हे राज्याचे माजी गव्हर्नर आणि त्याआधी पिट्सबर्गचे महापौर. पोलिसांच्याच गाडीतून त्यांना हॉस्पिटलला नेलं. मेंदूला व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं, थोड्याच दिवसांत ते गेले. आता यातली गंमत म्हणा किंवा दैवाचा खेळ म्हणा. लॉरेन्स महापौर असतानाच शहराने 'हिल डिस्ट्रिक्ट' या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा खालचा भाग पाडायला घेतला होता. सुमारे ८,००० लोकांची घरं गेली, तिथे मोठं स्टेडियम उभं राहिलं. आणि शहराला अँब्युलन्स म्हणजे काय हे शिकवलं, ते याच हिल डिस्ट्रिक्टने.

कसं, ते सांगतो. पिट्सबर्गमध्ये पीटर साफर नावाचे डॉक्टर होते. सीपीआर आज जगभर ज्या पद्धतीने शिकवतात, तिच्या पायाशी या माणसाचं काम आहे. १९६६ मध्येच त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. हॉस्पिटलच्या आधीची मिनिटं किती महाग असतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज उरली नव्हती. दुसरीकडे फिल हॅलन हे एका ट्रस्टचे प्रमुख होते, आणि एकेकाळी स्वतः अँब्युलन्स चालवायचे. हिल डिस्ट्रिक्टमधल्या लोकांना रोजगार देणारी 'फ्रीडम हाऊस' ही संस्थाही होती. तिघं एकत्र आले आणि १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस अँब्युलन्स सर्व्हिस जन्माला आली. खासगी सेवा, पण नफ्यासाठी नाही.

भरती कुणाची केली? ज्यांना 'नोकरीलायक नाहीत' म्हणून शिक्का मारला होता, त्यांची. काही व्हिएतनाम युद्धातून परतलेले, काहींची शाळा अर्धवट सुटलेली, काहींवर जुने गुन्हे. साफरनी त्यांना सुमारे ३०० तासांचं ट्रेनिंग दिलं. शरीररचना, सीपीआर, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून श्वासनलिकेत नळी घालायचा सराव, सगळं. त्या काळी एवढं शिकलेला माणूस रस्त्यावरच्या अँब्युलन्समध्ये सापडणं जवळपास अशक्य होतं.

पहिल्याच वर्षी जवळपास ५,८०० कॉल आले. साफर यांच्या हिशेबाने २०० जीव वाचले. ज्या वस्तीत लोक पोलिसांना बोलवायलाच घाबरायचे, तिथे आता आपल्याच गल्लीतली पोरं येऊन जिन्यातच उपचार सुरू करत होती. आणि श्रीमंत गोऱ्या वस्त्यांत? तिथे अजून पोलिसांचीच गाडी! साहजिकच तिकडून कुरबूर सुरू झाली.

काम मात्र सोपं नव्हतं. पोलिसांशी खटके उडायचे. काही गोरे पेशंट हात लावू द्यायचे नाहीत. दम कोंडलाय, पण समोरच्याचा रंग आधी दिसतो. अशा माणसाला शांत आवाजात समजावून ऑक्सिजन लावणं, हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. तो कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हता.

जॉन मून तेव्हा हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय होते. एक दिवस फ्रीडम हाऊसचे दोघं स्ट्रेचर घेऊन आत आले. त्यांची चाल, बोलण्यातला ठामपणा बघून मूननी ठरवलं, हेच करायचं. पुढे श्वासनलिकेत नळी घालण्याचं काम हॉस्पिटलच्या बाहेर, थेट रस्त्यावर करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत ते होते.

१९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या स्वतः गाडीत बसून कॉलवर जायच्या. इथल्या अनुभवावर त्यांनी जो अभ्यासक्रम लिहिला, तो अमेरिकेत पॅरामेडिकच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा पाया ठरला.

आणि १९७५ मध्ये शहराने काय केलं? महापौर पीट फ्लॅहर्टी यांनी शहराची स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद पडलं. माणसांना सामावून घेऊ असं ठरलं होतं. प्रत्यक्षात जुन्या टीम फोडल्या, नव्या परीक्षा लावल्या, काहींचे जुने गुन्हे उकरून काढले. वर्षानुवर्षं जीव वाचवलेल्या लोकांना गाडीत दुय्यम कामं दिली आणि प्रमुख म्हणून त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाचे गोरे लोक बसवले. बरेच जण कंटाळून निघून गेले. आमच्या आयटीत याला सरळ शब्द आहे. केटी घेतली आणि टीम रिलीज केली. फरक इतकाच, की इथे केटी माणसं जगवण्याची होती. मला विचाराल तर बजेट, राजकारण ही सगळी कारणं धरूनही रंगाचा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही.

मून मात्र टिकले. ते शहराच्या सेवेत सहायक प्रमुख पदापर्यंत पोचले आणि कृष्णवर्णीय मुलामुलींना भरती करायच्या मागे लागले. त्यांनी आणलेल्यांपैकी एक अमेरा गिलख्रिस्ट. २०२३ मध्ये त्या पिट्सबर्गच्या अँब्युलन्स सेवेच्या प्रमुख झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला.