गोलरक्षक ब्रह्मानंद

गोल करणाऱ्यांचीं नांवें लोकांना पाठ असतात, गोल अडविणाऱ्यांचीं क्वचित्. रशियाचा लेव्ह याशिन हा यास मोठा अपवाद. त्या काळीं युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूला देण्यांत येत असलेला सोनेरी चेंडू त्याला १९६३ सालीं मिळाला. त्यानंतर आजतागायत दुसऱ्या कोणाहि गोलरक्षकाच्या वांट्याला तो आलेला नाहीं.

परंतु तेरेखोलची खाडी ओलांडली कीं लागणाऱ्या गोव्यांत, आम्हां मालवणकडच्या लोकांना जवळचा असा एक गोलरक्षक होऊन गेला. ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा जन्म १९५४ चा. साळगांवकर संघाचें गोल त्यांनीं वर्षानुवर्षें राखलें. भारतीय संघाचें नेतृत्वहि केलें.

१९८२-८३ च्या हंगामांत कलकत्त्यास संतोष चषकाचा अंतिम सामना बंगालशीं झाला. तो गोलशून्य सुटला म्हणून पुन्हा खेळविला, तोहि गोलशून्य! अखेर चषक दोघांत वांटून दिला. पुढच्याच हंगामांत मद्रासला गोव्यानें पंजाबला एका गोलानें हरविलें आणि चषक एकट्यानें जिंकला. साऱ्या स्पर्धेंत गोव्यावर एकहि गोल झाला नाहीं. श्रेय पुढच्या बचावफळीचेंहि खरें. पण रापण ओढावयास पुष्कळ हात असतात, गोलांत उभा असलेला मनुष्य एकटा.

शाळेंत आम्ही मास्तर काय करीत असूं? ज्याला धांवतां येत नाहीं, त्या मुलाला गोलांत उभें करीत असूं. हें पाप मींहि केलेलें आहे.

खेळ थांबविल्यावर ब्रह्मानंदांनीं गोलरक्षकांना शिकविण्याचें काम पत्करलें. तें वाटतें तितकें सोपें नव्हे. सहकाऱ्यानें पायानें मुद्दाम मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत धरावयाचा नाहीं, असा नियम १९९२ सालीं झाला. ज्यांची सारी विद्या हातांची, त्यांना पुढच्या पिढीला पाय वापरावयास शिकवावें लागलें. स्वतःच्या वेळीं नसलेली विद्या शिकविण्याची पाळी आम्हां मास्तरांवरहि येते, म्हणून त्यांतील कष्ट मला ठाऊक आहेत.

अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ मध्यें मिळाला, उमेदीचा काळ सरल्यावर. पद्मश्री २०२२ मध्यें. मद्रासच्या त्या विजयाला तोंपर्यंत अडतीस वर्षें होत आलीं होतीं.