मालदांडी ३५-१ : सरत्या ओलीवर भरलेला दाणा

बीड जिल्ह्यातील नांदूरघाटच्या परिसरात रब्बीची ज्वारी पेरली जाते, ती पावसाळा सरताना. पुढचे चार महिने पीक काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगते. कणसात दाणा भरू लागतो, नेमकी तेव्हाच ही ओल संपत आलेली असते. म्हणून दुष्काळी मुलखात ताट उभे राहील का, एवढाच प्रश्न नसतो. दाणा भरेल की चिमेल, हाही असतो.

या प्रश्नाचे सर्वांत टिकाऊ उत्तर १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर मिळाले. मोहोळ तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि बीड निजामाच्या राज्यात. तिथे कोणताही संकर घडवला गेला नाही. शेतकऱ्यांच्याच मालदांडी ज्वारीतली उत्तम कणसे वेचायची, प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत पेरायचे आणि सरस ठरलेला वंश राखायचा, अशी ही शुद्ध वंश निवड. तिच्यातून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आला. दाणा टपोरा, मोत्यासारखा, चवीला गोडसर. कडबा उंच आणि भरपूर. खरे श्रेय मात्र पिढ्यान्‌पिढ्या बियाण्यासाठी कणीस बाजूला काढणाऱ्या अनाम हातांचे, हे विसरता येत नाही.

१९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. त्याची मादी अमेरिकेची ‘कंबाइन काफिर ६०’. खरिपात उत्पन्न वाढले. पण हे पीक लवकर तयार होई आणि परतीच्या पावसात सापडले की दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे. भाकरी नावडती झाली, ताट बुटके असल्याने कडबाही कमी. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत टोमणा म्हणून रुळला, त्यामागे या भाकरीचाही वाटा असावा.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची चव त्या पिढीने कधी माफ केली नाही. गंमत अशी, की संकरित ज्वारीचे तंत्रच मिलोवर उभे होते. १९५४ मध्ये टेक्सासमध्ये मिलो आणि काफिर यांच्या संकरातून नरवंध्य ताटे मिळाली होती, आणि ‘सीएसएच-१’ची मादी त्याच घराण्यातली. ज्या मिलोला लोकांनी नाके मुरडली, तिचाच अंश ‘हायब्रीड’च्या रूपाने शेतात आधीच पोहोचला होता.

रब्बीत मात्र संकरित वाणांना मालदांडीची जागा घेता आली नाही. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ आणि राहुरीच्या विद्यापीठाने ‘फुले वसुधा’ असे सरस वाण दिले. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आजही रब्बी ज्वारीच्या चाचण्यांत नव्या वाणाशेजारी तुलनेसाठी मालदांडी ३५-१ पेरली जाते. क्विंटलमध्ये तिला मागे टाकणारे वाण आहेत. भाकरी आणि कडबा यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो.