घर, उंबरठा आणि शीव : महामारीच्या आरंभकाळातील महाराष्ट्राची लोकवृत्ती (मार्च ते जुलै २०२०)

महामारीच्या काळातील लोकवर्तनाविषयी लिहिताना दोन ठरीव निर्णय वारंवार दिले जातात. लोकांनी सरकारी आज्ञा पाळली तर ते सुजाण ठरतात. मोडली तर अज्ञान, अंधश्रद्धा अथवा बेशिस्त ही कारणे पुढे केली जातात. सन १८९६-९७ च्या प्लेगविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी जे लिहिले त्यावर या दृष्टिकोणाची छाया आहे. आणि सन २०२० च्या कोरोना महामारीच्या प्रारंभी जी सार्वजनिक चर्चा झाली तीही बव्हंशी याच चाकोरीतून गेली. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांची नोंद झाली आणि १ जुलै रोजी पंढरपूरची आषाढी एकादशी लक्षावधी वारकऱ्यांच्या अनुपस्थितीत पार पडली. या सुमारे पावणेचार महिन्यांतील घटना एकत्र ठेवून पाहिल्या असता आज्ञापालन व आज्ञाभंग या दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न असल्याचे दिसून येते. तो म्हणजे, ज्याला घरी राहा असे सांगण्यात आले, त्याचे घर कोठे होते?

१

या प्रश्नाचे स्वरूप ध्यानी येण्यासाठी प्रथम प्लेगच्या काळाकडे वळणे अवश्य आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अमलात आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला तात्पुरते नियम करण्याचे जवळजवळ अनिर्बंध अधिकार दिले आणि त्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्यांना कायद्याचे संरक्षणही दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने लष्करी शिपायांकरवी घरोघर झडती सुरू केली. संशयित रुग्णांस इस्पितळात व त्यांच्या आप्तांस विलग छावणीत नेण्यात येऊ लागले. देवघर आणि माजघर यांत परक्या शिपायांचा प्रवेश झाला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. या घटनेची पार्श्वभूमी हीच होती.

त्या वेळचा विरोध केवळ औषधाला किंवा विलगीकरणाच्या तत्त्वाला होता असे म्हणता येत नाही. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून झडतीच्या रीतीवर कठोर टीका केली. परंतु हिंदू समाजासाठी प्लेगचे स्वतंत्र इस्पितळ उभारण्याच्या कार्यातही तेच पुढे होते. सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला तो प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असतानाच. रोग्याला वेगळे ठेवण्यास लोक सर्वथैव नाराज नव्हते. त्याला कोण नेतो, कोठे नेतो आणि नेलेला मनुष्य परत दिसेल की नाही, या शंकांनी ते अस्वस्थ होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणीकामगारांनी मुंबईतील आर्थर रोडवरील इस्पितळावर हल्ला केला, त्यामागेही हीच शंका होती. तात्पर्य, १८९७ चा संघर्ष हा उंबरठ्याचा संघर्ष होता. सत्ता घरात शिरत होती आणि घर तिला अडवीत होते.

२

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने हाच १८९७ चा कायदा लागू केला. आर्थर रोडवरील तेच इस्पितळ, आता कस्तुरबा रुग्णालय या नावाने, मुंबईतील पहिल्या रुग्णांसाठी सिद्ध झाले. परंतु आज्ञेची दिशा उलटली होती. प्लेगच्या वेळी सरकार लोकांना घरातून बाहेर काढीत होते; या वेळी ते लोकांना घरात राहावयास सांगत होते. गृहविलगीकरणाची आज्ञा झालेल्या व्यक्तींच्या डाव्या हातावर न पुसणारा शिक्का मारण्यात येऊ लागला. झडती घेणाऱ्या शिपायाची जागा या शिक्क्याने घेतली आणि त्याकडे लक्ष ठेवण्याचे काम शेजाऱ्यांनी आपण होऊन पत्करले.

२२ मार्च रोजी, रविवारी, जनता कर्फ्यू पाळण्यात आला. सायंकाळी पाच वाजता गच्च्या, सज्जे व खिडक्या यांतून टाळ्या, थाळ्या आणि घंटा यांचा निनाद झाला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांच्या देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली व चार तासांनी ती अमलात आली. 'टाळेबंदी' हा शब्द येथे विशेष लक्षणीय आहे. मराठीत तो रूढ झाला होता तो गिरण्या-कारखान्यांच्या संदर्भात. मालकाने दाराला कुलूप लावून कामगारांस बाहेर ठेवणे, असा त्याचा अर्थ होता. सन २०२० मध्ये मध्यमवर्गाच्या तोंडी त्याच शब्दाला आत सुरक्षित राहण्याचा अर्थ प्राप्त झाला. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या बाबतीत मात्र जुना अर्थ यत्किंचितही बदलला नव्हता. त्याच्यासाठी कामाचे दार पूर्वीप्रमाणेच बाहेरून बंद झाले होते.

याच सुमारास टाळ्यांच्या गजराचा दुसरा पैलू प्रकट झाला. ज्यांच्या सन्मानार्थ थाळ्या वाजविल्या गेल्या त्यांपैकी काही डॉक्टर व परिचारिका यांना गृहनिर्माण संस्थांतील शेजाऱ्यांनी आणि घरमालकांनी प्रवेश नाकारल्याच्या तक्रारी देशात ठिकठिकाणी झाल्या. आरोग्यसेवकांवर हल्लेही झाले. शेवटी २२ एप्रिल रोजी केंद्र सरकारला अध्यादेश काढून १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि अशा हल्ल्यांसाठी, गंभीर इजा झाल्यास, सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करावी लागली. मूळ कायद्यात सरकारी अंमलदाराचे रक्षण होते. १२३ वर्षांनी आरोग्यसेवकाला जनतेपासून रक्षण द्यावे लागले. कृतज्ञता व भय या दोन्ही वृत्ती एकाच सज्जात उभ्या होत्या, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

३

ज्यांचे घर शहरात नव्हतेच अशांचा प्रश्न याहून निराळा होता. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, झारखंड येथून आलेला मजूर मुंबईत, भिवंडीत अथवा जालन्यात राहत असे, तो कामाच्या जागी किंवा पाळीपाळीने झोपण्याच्या खोलीत. तेथे त्याचे बिऱ्हाड होते, घर नव्हते. १४ एप्रिल रोजी टाळेबंदी ३ मे पर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी गाड्या सुटणार असल्याची वार्ता पसरून वांद्रे स्थानकाबाहेर हजाराहून अधिक मजूर जमले. त्यांना बेशिस्त म्हणण्यात आले. वस्तुतः घरी राहण्याची आज्ञा शब्दशः पाळावयाची तर त्यांना प्रथम घरी पोहोचणे भाग होते.

श्रमिक विशेष गाड्यांचा आरंभ १ मे २०२० रोजी झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेस ६० वर्षे पूर्ण झाली तो हा दिवस. त्या रात्री नाशिकहून भोपाळकडे गाडी निघाली. परंतु गाड्या सुरू झाल्या तरी नोंदणी, तपासणी व परवानगी यांच्या फेऱ्यात असंख्य मजूर अडकून पडले आणि चालणे थांबले नाही. ८ मे रोजी पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे हे लोक मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. त्यांच्यापाशी असलेल्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या आढळल्या. गाड्या बंद आहेत या समजुतीने रुळांवर निजलेला मनुष्य अज्ञानी होता असे म्हणून या प्रकरणाचा निकाल लावणे सोपे आहे. परंतु सन १८९७ मध्ये मुंबई सोडून गेलेल्या लाखो लोकांप्रमाणेच या मजुरांचे निघून जाणे हाही एक हिशेब होता. काम नसलेल्या शहरातील भाडे व उपासमार एका बाजूस आणि गावाकडील तुटपुंजा परंतु खात्रीचा आधार दुसऱ्या बाजूस, असा तो हिशेब होता.

४

परतणाऱ्याचे गाव तरी त्याला घेण्यास सिद्ध होते काय? मार्चअखेरीपासून महाराष्ट्रातील अनेक खेड्यांनी वेशीवर काटेरी फांद्या व दगड टाकून रस्ते अडविले आणि बाहेरून येणाऱ्यास मज्जाव केला. मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटून देण्याची रूढी ज्या समाजाच्या स्मरणात होती, त्याला रोग हा शिवेबाहेरून येतो आणि शिवेवरच अडवावा लागतो ही कल्पना नवी नव्हती. मात्र या वेळी शिवेबाहेर उभा असलेला परका नव्हता. कोकणात ज्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, त्यांनाच आपल्या गावी संशयाने पाहिले गेले. पुढे गावच्या शाळांत विलगीकरणाची सोय होऊन आणि ग्रामकृती दले स्थापन होऊन या पेचातून काहीसा व्यवहार्य मार्ग निघाला.

शिवेच्या या रक्षणाचे भीषण टोकही दिसून आले. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिलच्या रात्री, चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवेने बिथरलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. अफवांनी समाजांतर्गत शिवाही आखल्या. दिल्लीतील तबलिगी जमातीच्या मेळाव्यानंतर रोगाचे खापर संपूर्ण मुस्लिम समाजावर फोडण्याचा प्रकार घडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी जमातीच्या विदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द करताना, संकटकाळी बळीचा बकरा शोधण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवले.

५

या साऱ्या चित्रात धारावीचे उदाहरण निराळे पडते. सुमारे सव्वादोन चौरस किलोमीटरांत कित्येक लाख लोक, एका खोलीत अख्खे कुटुंब आणि बहुसंख्यांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार, अशा वस्तीत घरी राहणे हा उपाय मुळातच अपुरा होता. १ एप्रिल रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला. त्यानंतर महापालिकेने वस्तीतीलच खाजगी डॉक्टरांच्या साहाय्याने दारोदार तपासणी केली, शाळा व क्रीडासंकुल ताब्यात घेऊन संशयितांची राहण्याजेवण्याची व्यवस्था केली. कृतीच्या बाह्य स्वरूपाकडे पाहता ही पुण्याच्या १८९७ च्या झडतीचीच पुनरावृत्ती होती. घरात शिरणे, तपासणे, वेगळे काढून नेणे हे सारे तेच. फरक होता तो उंबरठ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसात. ज्या डॉक्टरकडे कुटुंब वर्षानुवर्षे जात होते तोच दारात आला, आणि नेलेला मनुष्य चौदा दिवसांनी परतताना शेजाऱ्यांनी पाहिला. भय नाहीसे झाले नाही. पण त्याला विश्वासाची जोड मिळाली. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा सगौरव उल्लेख केला.

६

३० जून रोजी आळंदी व देहू येथील पादुका एस.टी.च्या बसगाड्यांतून मोजक्या लोकांसह पंढरपुरास गेल्या. पंढरीला माहेर मानणाऱ्या संप्रदायाने त्या वर्षी माहेरी न जाण्याचे ठरविले. हा निर्णय फडांशी व संस्थानांशी विचारविनिमय होऊन झाला होता आणि परंपरा खंडित न होता तिचे रूप तेवढे संकोचले होते. म्हणूनच शिपायाच्या दंडुक्याने जे साधले नसते ते येथे सहज साधले.

एतावता, महामारीच्या आरंभकाळातील लोकवृत्तीचे सुजाण आणि अज्ञ असे वर्गीकरण टिकत नाही. ज्याच्या घराला आज्ञेने गृहीत धरले होते त्याने ती पाळली. ज्याच्या घराचा विचारच झाला नव्हता त्याच्या हातून ती मोडली. भय उभयतांस सारखेच होते. उद्याच्या संशोधकाला शासकीय आदेश व रुग्णसंख्येचे तक्ते विपुल प्रमाणात उपलब्ध होतील. करमाडच्या रुळांवरील पोळ्या त्या तक्त्यांत सापडणार नाहीत. त्यांची नोंद घेतल्याखेरीज सन २०२० चा इतिहास हा आदेश देणाऱ्यांचा इतिहास होईल. आदेश ज्यांना दिले गेले त्यांचा होणार नाही.